मुंबईत तीन दिवस, पाच माणसे: काय पाहावे आणि काय सोडावे?

गडहिंग्लजची_शिक्षिका

नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पाच जण मुंबईला येत आहोत. शनिवारी सकाळी महालक्ष्मी एक्सप्रेसने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरू आणि सोमवारी रात्री त्याच गाडीने परतू, म्हणजे हाताशी तीन दिवस आणि दोन मुक्काम आहेत. मी, माझे यजमान, सातवीतील मुलगी, तिसरीतील मुलगा आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई असे आम्ही आहोत. सासूबाई सपाट रस्त्यावर अर्धा तास सहज चालतात, पण गुडघ्यांमुळे पायऱ्या त्यांना फार सावकाश चढाव्या लागतात.

घरात सर्वांनी मिळून यादी केली आणि ती वाढत जाऊन एकवीस ठिकाणांवर पोहोचली. गेटवे, घारापुरी, वस्तुसंग्रहालय, राणीची बाग, तारांगण, नेहरू विज्ञान केंद्र, सिद्धिविनायक, महालक्ष्मी, हाजी अली, गिरगाव चौपाटी, जुहू चौपाटी, बाणगंगा, मणिभवन, चैत्यभूमी, कान्हेरी लेणी, सागरी सेतू, चित्रनगरी, नटांचे बंगले आणि तीन बाजार, इतके सारे तीन दिवसांत बसणार नाही हे मलाही दिसते. मात्र कोणते नाव कशाच्या आधारावर खोडावे, हे ठरवता येत नाही.

या यादीत सासूबाईंनी एकही नाव घातलेले नव्हते. मी मुद्दाम विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘ते जिथं राबले ती गिरणी मला एकदा बघायची आहे.’ माझे सासरे लोअर परळच्या एका कापड गिरणीत सांचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, अठरा वर्षे होते आणि १९८२ च्या संपानंतर गावी परतले. त्या सर्व काळात सासूबाई गावाकडे शेती आणि मुले सांभाळत होत्या. दरमहा मनीऑर्डर यायची, पण ज्या शहरातून ती यायची ते शहर त्यांनी आजवर पाहिलेले नाही. आता तेथे गिरणी उरलेली नाही असे ऐकते. मग त्यांना तेथे नेणे योग्य होईल की त्यांचे मन दुखावेल?

शिवाय घारापुरीची लेणी सासूबाईंना जमतील का आणि मुक्काम कोणत्या भागात करावा, याविषयीही जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

फोर्टातील_पायवाट

ताई, माझी सव्वीस वर्षांची नोकरी फोर्ट भागात झाली आणि या काळात गावाकडचे पाहुणे मी पुष्कळ वेळा फिरवले. त्या अनुभवावरून सांगतो की मुंबईत ठिकाणे निवडण्याआधी पट्टा निवडावा. हे शहर दक्षिणोत्तर लांब आणि अरुंद आहे. सकाळी गेटवे, दुपारी जुहू आणि संध्याकाळी हाजी अली असा बेत केला तर पाहण्यापेक्षा प्रवासातच दिवस जातो आणि मुलांच्या लक्षात फक्त टॅक्सीची खिडकी राहते. एका दिवशी एकच पट्टा घ्यावा. या कसोटीवर जुहू, चित्रनगरी, नटांचे बंगले आणि कान्हेरी ही नावे आपोआप गळतात. कान्हेरीचे मला मनापासून वाईट वाटते. शंभराहून अधिक लेणी आणि डोंगरात खोदलेली पाण्याची टाकी असलेले ते ठिकाण अप्रतिम आहे. परंतु ते बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात आहे, त्याला अख्खा दिवस लागतो आणि चढही बराच आहे.

दुसरी कसोटी वारांची आहे आणि बाहेरून येणारे लोक नेमके येथेच फसतात. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात. भायखळ्याची राणीची बाग आणि तिच्या आवारालगतचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद असते, त्यामुळे आपला सोमवार तेथे कामी येईल. रविवारी दिवसा रेल्वे दुरुस्तीसाठी मेगाब्लॉक घेते, म्हणून त्या दिवशीचा बेत लोकलवर अवलंबून ठेवू नये. सिद्धिविनायकाला मंगळवारी अफाट गर्दी असते, पण तो वार आपल्या मुक्कामात येतच नाही.

मुक्काम टर्मिनसच्या आसपास किंवा फोर्टमध्ये करावा, कारण आपण उतरणार तेथेच आणि परत गाडी धरणारही तेथूनच. सोमवारी सकाळी खोली सोडल्यावर सामान स्थानकावरील क्लोकरूममध्ये ठेवता येते. मात्र बॅगांना कुलूप हवे आणि प्रवासाचे तिकीट जवळ हवे.

शनिवारी रात्रभराच्या प्रवासाचा शीण असेल, म्हणून तो दिवस हलका ठेवावा. एक गोष्ट मात्र सोडू नये. स्थानकातून बाहेर पडून घाईने टॅक्सीत बसण्याऐवजी रस्ता ओलांडून समोरच्या बाजूला जावे आणि पंधरा मिनिटे ती इमारत पाहत उभे राहावे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेली ही वास्तू १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभी राहिली आणि २००४ मध्ये तिचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. दगडात कोरलेले मोर, माकडे आणि इतर प्राणी किती सापडतात ते मुलांना मोजायला सांगा. त्या कोरीवकामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. समोरची महानगरपालिकेची इमारतही स्टीव्हन्स यांचीच आहे. या दोन्ही वास्तूंना तिकीट लागत नाही. लोक त्यांच्यासमोरून रोज जातात, पण मान वर करून पाहणारे थोडे.

अंघोळी आणि न्याहारी आटोपून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावे. ते सव्वादहाला उघडते. सर्व दालने पाहण्याचा हट्ट धरू नये. मी पाहुण्यांना तीनच गोष्टी दाखवतो: असिरियाच्या राजवाड्यातील अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे कोरीव शिलापट, मीरपूरखासच्या स्तूपावरील मातीचा बुद्ध आणि मुलांसाठी प्राणी-पक्ष्यांचे दालन. तेवढ्यात अडीच तास जातात. दुपारी विश्रांती घ्यावी आणि सूर्यास्ताला मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर नरिमन पॉइंटच्या टोकाकडे बसावे. हिवाळ्यात गिरगाव चौपाटीवरून पाहिल्यास सूर्य मलबार हिलच्या आड जातो. या टोकावरून तो पाण्यात उतरताना दिसतो. समुद्र प्रथमच पाहणाऱ्या माणसासाठी हा फरक मोठा आहे.

रविवारी सकाळी पहिल्या लाँचने घारापुरी आणि सोमवारी भायखळा, असा माझा सल्ला आहे. सोमवारी सकाळी लोकलची सारी गर्दी टर्मिनसच्या दिशेने येत असते आणि आपण उलट्या दिशेने जाणार, त्यामुळे सासूबाईंना बसायला जागा मिळण्याची बरीच शक्यता असते. गिरणीविषयी मला अधिकाराने बोलता येणार नाही. त्याचे उत्तर येथील कोणी परळकरानेच द्यावे.

डिलाईल_रोड

ताई, आपल्या सासूबाईंचे वाक्य वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. माझे वडीलही सांचेखात्यातच होते आणि माझे बालपण ना. म. जोशी मार्गावरच्या चाळीत गेले. आम्ही त्या रस्त्याला अजूनही डिलाईल रोडच म्हणतो.

त्यांना अवश्य न्या. मात्र काय दिसेल आणि काय दिसणार नाही, हे आधी घरीच शांतपणे सांगा. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि त्यातील असंख्य लोक पुन्हा कधीच कामावर जाऊ शकले नाहीत. पुढे एकेक गिरणी बंद पडली आणि त्या जमिनींवर आज लोअर परळमध्ये मॉल, कार्यालये आणि काचेचे मनोरे उभे आहेत. काही आवारांत जुने धुराडे राखलेले आहे, काही ठिकाणी जुनी दगडी भिंत किंवा प्रवेशद्वाराची कमान उरली आहे, तर काही ठिकाणी गिरणीचे नाव फक्त नव्या इमारतीच्या पत्त्यात आढळते. सासूबाईंच्या मनात भोंगा, गेट आणि सुटीला बाहेर पडणारी माणसे असे चित्र असेल आणि त्यांच्यासमोर अचानक मॉल आला, तर धक्का बसेल. आधी कल्पना दिली तर त्या धुराड्याकडे पाहून बाकीचे स्वतःच उभे करतील. माझ्या आईने तसेच केले होते.

गिरणीपेक्षाही सासऱ्यांची राहण्याची जागा शोधण्याचा प्रयत्न करावा, असे मला वाटते. आजरा, चंदगड, गडहिंग्लज या भागांतून एकटे आलेले पुरुष बहुधा गावकऱ्यांच्या खोलीत राहत. एका गावची वीस-पंचवीस माणसे मिळून एक खोली चालवत, तीन पाळ्यांमुळे एक गट कामावर असताना दुसरा झोपे, आणि जेवणासाठी जवळपासच्या खानावळवाल्या बाईंकडे महिन्याचा हिशोब असे. घरी जुनी ट्रंक असेल तर मनीऑर्डरची कुपने पाहा. पैसे देताना पोस्टमन फॉर्मचा तो तुकडा फाडून घरच्यांना देत असे. त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता असे आणि दोन ओळी मजकुरालाही जागा असे. अनेक घरांत ती कुपने जपून ठेवलेली असतात. पत्ता मिळाला तर चाळ सापडू शकेल. या भागातील बी. डी. डी. (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट) चाळी साधारण १९२० च्या दशकात बांधलेल्या असून तेथे पुनर्विकासाचे काम चालू आहे, त्यामुळे काही इमारती पाडलेल्या असतील. तरीही रस्ता तोच आहे, करी रोडचा पूल तोच आहे, आणि ज्या दिशेने सासरे रोज चालत गेले ती दिशा दाखवता येईल.

सोमवारच्या भायखळ्याच्या बेताला मी हे जोडून देतो. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये खुले झाले. मुंबईतील ते सर्वांत जुने संग्रहालय आहे. तेथे शहराचे जुने नकाशे आणि वेगवेगळ्या व्यवसायांतील माणसांच्या मातीच्या छोट्या प्रतिकृती आहेत, आणि सगळे एका मोठ्या दालनाभोवती असल्यामुळे खालचा मजला पाहायला फार चालावे लागत नाही. संग्रहालयाच्या बाहेर एक दगडी हत्ती आहे, तो मुलांना आवर्जून दाखवा. पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा हे नाव दिले ते याच हत्तीवरून. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना फुटला आणि त्याचे तुकडे येथे आणून पुढे जोडण्यात आले. रविवारी बेट पाहिलेल्या मुलांना सोमवारी त्या बेटाचा हत्ती भेटेल. राणीच्या बागेत मुलांना पेंग्विन पाहायचे असतील तर यजमान त्यांना घेऊन जातील आणि आपण सासूबाईंसह झाडांच्या सावलीत बसू शकाल.

तेथून टॅक्सीने लालबागला यावे. चिवडा गल्ली आणि मसाला गल्ली दोन्ही जवळ आहेत. डंकावर मसाला कुटणाऱ्या बायका दिसल्या तर सासूबाई त्यांच्याशी नक्की बोलतील. पुढे भारतमाता चित्रपटगृहाच्या चौकातून करी रोडचा पूल ओलांडला की डिलाईल रोड येतो. यादीतील तिन्ही बाजार खोडले तरी चालतील, ही एक गल्ली पुरेशी आहे.

शनिवारी संग्रहालयाहून परतताना पाच मिनिटे हुतात्मा चौकातही थांबावे. तेथील स्मारकात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार एकत्र उभे आहेत. आपल्या घरात ही दोन्ही माणसे होती, हे मुलांना तेथे सांगता येईल.

दादर_पूर्व

मी केवळ एका संध्याकाळीबद्दल लिहिते. यादीत नाटक नाही याचे मला आश्चर्य वाटले. शनिवार-रविवारी दादरच्या शिवाजी मंदिरात किंवा प्रभादेवीच्या रवींद्र नाट्य मंदिरात मराठी नाटकाचा प्रयोग असण्याची शक्यता चांगली असते. मराठी दैनिकांतील जाहिरातींत त्या आठवड्याचे प्रयोग आणि वेळा छापून येतात, आणि तिकिटे नाट्यगृहाच्या खिडकीवर किंवा मोबाईलवरही मिळतात. मुलांच्या वयाला साजेसे नाटक आधी पाहून ठरवावे. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी दिवसभराच्या फिरण्यानंतर तीन तास आरामखुर्चीत बसणे हीसुद्धा विश्रांतीच आहे. दादरला येणार असाल तर गोखले रोडवरच्या ‘प्रकाश’मध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष घ्यावे, थांबावे लागते, पण ते सार्थकी लागते.

उरणची_लेक

फोर्टातील पायवाट यांचा बाकीचा बेत मला पूर्ण पटतो, पण सासूबाईंना घारापुरीला नेण्यास माझा स्पष्ट विरोध आहे. लेणी कमी मोलाची आहेत असे मुळीच नाही. वीस फूट उंचीची ती त्रिमूर्ती, अर्धनारीश्वर आणि गंगाधराचे शिल्प मुलांनी पाहिलेच पाहिजे, आणि सकाळच्या उजेडात पाहिले पाहिजे. अडचण लाँचवर चढण्या-उतरण्याची आहे. गेटवेच्या धक्क्यावर ओल्या पायऱ्या उतराव्या लागतात, लाँच हलत असते, आणि पुष्कळदा एका लाँचला दुसरी लावलेली असल्यामुळे मधल्या लाँचमधून पाय टाकून पलीकडे जावे लागते. तासाभराच्या प्रवासानंतर बेटावर धक्क्यापासून छोटी गाडी आहे, पण पुढे लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या आहेत. त्या पायऱ्यांसाठी डोली मिळते. लाँचसाठी मिळत नाही. मी माझ्या आईला शहात्तराव्या वर्षी नेले होते. तिने तक्रार केली नाही, परंतु पुढचे दोन दिवस तिला खोलीबाहेर पडता आले नाही. आपल्या सासूबाईंचा महत्त्वाचा दिवस सोमवार आहे. रविवारी त्यांचे गुडघे गेले, तर सोमवार हातचा जाईल.

म्हणून त्या दिवशी कुटुंबाने दोन गट करावेत. यजमान आणि मुले पहिल्या लाँचने जातील आणि दुपारी दोनच्या सुमारास परततील. आपण दोघींनी सावकाश उठून भुयारी मेट्रोने सिद्धिविनायकाला जावे. ‘मेट्रो ३’ ही मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली असून टर्मिनस, हुतात्मा चौक, गिरगाव, सिद्धिविनायक आणि दादर ही सर्व स्थानके तिच्यावर आहेत. लिफ्ट आणि सरकते जिने असल्यामुळे लोकलच्या पुलांची चढउतार टळते, आणि रविवारच्या मेगाब्लॉकचा तिच्याशी संबंध नाही.

फोर्टातील_पायवाट

उरणच्या ताईंचे म्हणणे मला मान्य आहे. मी पाहुण्यांना अनेकदा घारापुरीला नेले, पण त्यांत सत्तरीपुढचे कोणी नव्हते, आणि धक्क्यावरच्या पायऱ्यांचा विचार माझ्याकडून राहून गेला. माझा रविवारचा सल्ला मी दुरुस्त करतो. मुलांसोबत जाणाऱ्यांनी लेण्यांची तिकिटे आधी मोबाईलवर काढावीत. पंधरा वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे.

गडहिंग्लजची_शिक्षिका

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री आम्ही यादी पुन्हा समोर घेऊन बसलो आणि एकवीसपैकी तेरा नावे खोडली. मुलाला तारांगण सोडायचे नव्हते, परंतु पेंग्विन आणि दगडी हत्ती ऐकल्यावर तो तयार झाला. मुलीने नटांचे बंगले स्वतःच खोडले. रविवारी यजमान मुलांना घेऊन घारापुरीला जातील, मी आणि सासूबाई सिद्धिविनायकाला जाऊ, आणि संध्याकाळी आम्ही पाचही जण दादरला नाटक पाहू. कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टमध्ये आगीत जळाले, आणि तेव्हापासून आम्ही मुलांना नाट्यगृहात नेलेले नाही. ही सूचना आली नसती तर ते माझ्या लक्षातही आले नसते. मणिभवन मला स्वतःला फार पाहायचे होते. ते पुढच्या खेपेसाठी ठेवले आहे.

डिलाईल रोड, आपल्यासाठी वेगळे लिहिते. मी ट्रंकेबद्दल विचारल्यावर सासूबाई काही न बोलता आत गेल्या आणि एका पितळी डब्यातून कुपनांची गड्डी घेऊन आल्या. ती ट्रंकेत नव्हतीच, देवघराच्या फळीवर होती. एकूण सदुसष्ट कुपने आहेत. पत्ता आपल्याच रस्त्यावरचा आहे आणि चाळीचा क्रमांकही वाचता येतो. मजकुराच्या जागी बहुतेक वेळा ‘सर्व खुशाल, पाऊस कळवणे’ एवढेच लिहिलेले आहे. गिरणीच्या जागी आता काय आहे ते यजमानांनी त्यांना नीट समजावून सांगितले. त्यावर त्यांनी एवढेच विचारले की धुराडे रस्त्यावरून दिसते का, की आत जावे लागते. आपण याचे उत्तर देऊ शकाल का? आणि तेथे किती वाजता जाणे चांगले?

डिलाईल_रोड

ताई, धुराडी उंच असतात; आजूबाजूचे मनोरे आड आले नाहीत तर ती रस्त्यावरूनच दिसतात, आत जाण्याची गरज पडत नाही. ज्या आवारात आता मॉल आहे तेथे आत जायलाही कोणाची परवानगी लागत नाही, आणि सासूबाईंना बसायला बाके मिळतील. जेथे कार्यालये आहेत तेथे दारावरच्या रखवालदाराला खरे कारण सांगावे. मी दोनदा सांगितले आहे आणि दोन्ही वेळा मला आत सोडले.

आधी चाळीपाशी जावे आणि तेथून गिरणीच्या दिशेने निघावे, कारण सासरे रोज तसेच निघत असणार. अंतर सासूबाईंच्या अर्ध्या तासाच्या आत बसेल असे वाटते, तरी टॅक्सी सोडून देऊ नका. वेळेचे म्हणाल, तर राणीची बाग आणि लालबाग आटोपून दुपारी साडेतीनच्या सुमारास गिरणीच्या जागी पोहोचता येईल असे पाहा. माझ्या लहानपणी पहिली पाळी त्या वेळेला सुटत असे, आणि मी वडिलांची वाट पाहत गेटसमोरच्या फुटपाथवर उभा राहायचो.